दिवे लागलेला ग्रह

ग्रह बनवण्यात माझा हात धरणारा अख्ख्या भोर तालुक्यात कुणी नाही! हसू नका. आमचा एक खेळ आहे. मी फासे टाकून ग्रह रचायचा, मंदार आणि शुभ्रानं त्यावर आपलं यान उतरवायचं आणि तिथं त्यांना काय दिसतं ते मी सांगायचं. सगळं तोंडीच! अडचण एकच, माझ्या ग्रहांवरची माणसं कुणाला पटत नाहीत.

"शऱ्या, चाळीस कोटी लोक आणि न्हावी एकच?" मागच्या खेपेला मंदार खेकसला. "पुढचा ग्रह पटला नाही, तर खेळ शुभ्रा चालवेल!"

हा खेळ सोडला तर मला विचारतं कोण?

म्हटलं, आता खरीखुरी वस्ती बघूनच बनवू. हिर्डोशीच्या पुढं, एका वाडीसमोरच्या टेकाडावर तिन्हीसांजेला जाऊन बसलो. धुकं उतरत होतं. खाली एकेका अंगणात दिवा लागला. मी दिवे मोजले, घरटी पाच माणसं धरली. झाली लोकसंख्या! खुशीत खाली उतरलो. कुणीतरी चहा पाजेलच की.

पहिल्या घराला कुलूप. तुळशीपुढं दिवा मात्र जळतोय. दुसऱ्यालाही कुलूप आणि दिवा. तिसऱ्याचं तर छप्परच बसलेलं, पण उंबऱ्यावर पणती! कुत्रं नाही, भांड्याचा आवाज नाही. "कुणी आहे का?" विचारलं, तर माझाच आवाज मला परका वाटला. तेवढ्यात लांबच्या घराशी आणखी एक दिवा लागला. मी पळालो, आणि घाबरून नेमका तिकडंच पळालो!

"कोन हाय त्ये?"

मी किंचाळलो. समोरची म्हातारीही किंचाळली. तिच्या हातात तेलाची बाटली होती. माझा जीव भांड्यात पडला. सगुणाबाई तिचं नाव.

"आजी, माणसं कुठं गेली सगळी?"

"पुन्याला, शिवऱ्याला, मिळंल तिकडं. म्या एकलीच हाय हितं."

"मग हे दिवे?"

"घर अंधारात ठिवू न्हाई, बाबा. येनाऱ्याला वाट गावाया नगं?"

"येणार कोण?"

ती रानाकडं बघत राहिली. "ज्येचं त्येला ठावं." मग एकदम माझा हात धरला. "लई बरं झालं तू आलास! लेक उद्या मला डोळ्याच्या आपरेशनला न्हेनार हाय. म्या येस्तवर दिवे लावशील न्हवं?"

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि 'हो' बाहेर पडलं!

मग मला युक्ती सुचली. मंदारला फोन केला. "रविवारी संध्याकाळी इथंच या. ग्रह डोळ्यांनी बघा!"

दोघं आले. कुलपं बघत, एकमेकांना चिकटून खाली उतरले. मी सगुणाबाईंचं घोंगडं पांघरून पडक्या उंबऱ्यावर वात सारखी करत होतो. पाहुण्यांचं स्वागत करावं म्हणून वळलो.

"या! कधीची वाट बघतोय!"

मंदारची चप्पल अजून अंगणात आहे. शुभ्रा तर पळण्यात त्याच्याही पुढं होती!

भोरला पोचल्यावर त्याचा फोन आला. दात वाजत होते. "पटला रे बाबा, ग्रह पटला! खेळ तूच चालव. पण तिथं नको!"

मी हवेतच! मंदारनं कबूल केलं! लोकसंख्या एक, म्हणजे मी. यात खोट काढायला जागाच नाही! शीळ घालत, तेलाची बाटली हलवत शेवटच्या घरी गेलो. तिथला दिवा आधीच लागलेला होता.

म्हणजे आकडा परत चुकला! नेमका कितीनं, ते मोजायला मी काही थांबलो नाही.