खांबेटे सेन्सेईंची संघबांधणी

एप्रिलच्या पहिल्या सोमवारी नीलकंठ खांबेटे ऑफिसात डबा उघडत होता. तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि तीन धिप्पाड पोरं आत येऊन कमरेत काटकोनात वाकली. नीलकंठने दचकून डब्याचं झाकण लावलं. कोबेच्या त्या युनिव्हर्सिटीत तो लोखंडाच्या गंजावर संशोधन करत असे, आणि गंजाबद्दल विचारायला इतक्या अदबीने आजवर कुणीही आलेलं नव्हतं.

"खांबेटे-सेन्सेई," गुरुजींना लावायचं जपानी बिरुद लावून मधला म्हणाला, "मी रेन ओकुमुरा, अमेरिकन फुटबॉल क्लबचा कॅप्टन. आमचे सल्लागार प्राध्यापक मार्चमध्ये रिटायर झाले. त्यांच्या जागी आपण यावं अशी विनंती आहे."

"मी? ते का?"

रेनने फोन पुढे केला. डिपार्टमेंटच्या वेबसाइटवर नीलकंठचा ओहायोतला, पीएचडीच्या दिवसांतला फोटो होता आणि त्यात त्याच्या अंगात फुटबॉलची लाल जर्सी होती. आता ती जर्सी त्याने घेतली थंडी वाजत होती म्हणून. शिवाय ती फार स्वस्त होती, कारण पाठीवर ज्याचं नाव होतं त्या खेळाडूला टीमने त्याच आठवड्यात नारळ दिला होता. पाच वर्षं अमेरिकेत राहून नीलकंठने तो खेळ एवढाच जवळून पाहिला होता.

"अरे, मला यातलं काहीही कळत नाही," तो उत्तम जपानीत म्हणाला.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आधीपेक्षाही जास्त वाकले.

नीलकंठ पडला पुण्याचा. एखादी गोष्ट आपल्याला येत नाही, हे चारचौघांत कबूल करायची सवय त्याला नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो मनापासून कबूल करत होता, आणि तेही नेमकं जपानात. इथे आयुष्यभर तलवारी घडवलेला कारागीरही "मला कुठे काय येतं" असंच म्हणतो. जो जितकं नाही म्हणेल तितका तो पोचलेला, असा इथला साधा हिशेब आहे.

"पंधरा सीनियर पास होऊन गेले, सेन्सेई. आम्ही नऊच उरलोय," रेन म्हणाला. "महिनाअखेर लीगकडे सोळा नावं द्यायची आहेत. शेवटच्या शनिवारी माजी खेळाडूंची सभा आहे. तोवर टीम उभी राहिली नाही, तर ते क्लब बंद करणार."

शेवटच्या वाक्याला त्या आडदांड पोराचा आवाज इतका बारीक झाला, की नीलकंठने ड्रॉवरमधून शिक्का काढला आणि फॉर्मवर उमटवला. "तात्पुरता हं," तो म्हणाला. ते कुणी ऐकलं नाही.

घरी त्याच्या बायकोने, वीणाने, कपाळाला हात लावला. "अरे, सरळ नाही म्हणायचंस ना!"

"म्हटलं गं. मला काही कळत नाही असं म्हटलं."

"मग?"

"मग ते आणखी वाकले."

"तू पुटपुटला असशील. शनिवारी ग्राउंडवर जा आणि खणखणीत सांग."

शनिवारी तो गेला. नऊ जण रांगेत उभे राहिले. नीलकंठ खणखणीत म्हणाला, "हे बघा, मी आजवर एकही मॅच शेवटपर्यंत पाहिलेली नाही." रेनने ते वहीत लिहून घेतलं. लिहून झाल्यावर त्याने विचारलं, "सेन्सेई, इतके खेळाडू गेले की अमेरिकेतल्या टीम काय करतात?"

नीलकंठ म्हणाला, "वाचून सांगतो." आणि त्याने खरंच वाचलं. आपल्या अडाणीपणापायी पोरांचा क्लब बंद पडला तर, या विचाराने त्याला गंजाचं काही सुचेना. सीझन संपला की तिकडे खेळाडूंची नुसती उलथापालथ चालते, असं त्याला कळलं. महागडे म्हातारे सोडायचे, करार संपलेले दुसऱ्यांचे खेळाडू उचलायचे, एखादा देऊन त्याच्या बदल्यात पुढच्या वर्षी आधी निवडायचा हक्क मिळवायचा. कॉलेजातून आलेल्या नव्या पोरांची निवड असते, तिच्यात मागच्या वर्षी जो सगळ्यात वाईट हरला त्याला सगळ्यात आधी हात घालायला मिळतो. हे वाचून नीलकंठ हेलावला. हरणाऱ्याला असा मान त्याने अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी तरी पाहिला नव्हता.

पण पुढच्या आठवड्यात कॅम्पसवर नव्या मुलांना क्लबमध्ये ओढायचा बाजार भरला, तेव्हा हरणाऱ्यांची दाद कुणी घेईना. झाडांखाली शंभर क्लबांची टेबलं लागली होती. रग्बीवाले, ज्युडोवाले, नौकावाले फाटकातच उभे राहून जरा रुंद खांद्याचा मुलगा दिसला की त्याला उचलून नेत होते. फुटबॉलच्या टेबलाशी दुपारपर्यंत एक मुलगी आली, ती लायब्ररीचा रस्ता विचारायला.

"सेन्सेई," रेनने विचारलं, "आधी गरज बघायची की गुण? समोरच्याला अडवणारा लाइनमन हवा म्हणून लाइनमनच शोधायचा, की जो चांगला दिसेल तो घ्यायचा?"

यावर अमेरिकेत मोठमोठे लोक वर्षानुवर्षं भांडत आले आहेत. नीलकंठचं प्रश्नाकडे लक्षच नव्हतं. समोर एक अवाढव्य मुलगा एकटाच बाकावर बसून बन खात होता, त्याच्याकडे तो बघत होता.

"त्याला का नाही कुणी घेत?"

"तो इकेबानाच्या क्लबात होता. काल त्यांनी काढलं. त्याच्या हातात फुलं टिकत नाहीत म्हणे."

"अरेरे," नीलकंठ म्हणाला. "असे ज्यांना इतरांनी सोडलंय, त्यांना तरी विचारा रे. बिचारे नाही म्हणणार नाहीत."

आता हे तो निव्वळ कणव येऊन बोलला. पण दुसऱ्या टीमने सोडलेला खेळाडू झटकन उचलणं ही अमेरिकेतली अगदी मान्यताप्राप्त चाल आहे, आणि रेनला ती ठाऊक होती. तो उठला आणि बाकाकडे धावला. दहा दिवसांत त्याने कोरसमधून आवाज फार मोठा म्हणून काढलेला एक, चहाच्या क्लबात पाय आखडून पडलेला एक, बेसबॉलमध्ये शाळेपासून सहा वर्षं राखीव बसून कंटाळलेले दोघे आणि टेबल-टेनिसमध्ये टेबल मोडलेले दोघे असे गोळा केले. इकेबानावाल्याला धरून सात झाले. नऊ आणि सात सोळा.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण युनिव्हर्सिटीच्या वार्तापत्राला बातमी लागली. त्यांच्या बाईंनी फोन केला तेव्हा नीलकंठ तीन वेळा म्हणाला, "मी काहीच केलेलं नाही, मला खेळाचे नियमसुद्धा माहीत नाहीत." छापून आलं, 'अमेरिकेत तयार झालेले खांबेटे-सेन्सेई श्रेय घ्यायला तयार नाहीत.' त्यानंतर शेजारच्या युनिव्हर्सिटीचा कोच केकचा डबा घेऊन दोन ट्रेन बदलून आला. आमचेही अकरा सीनियर गेलेत, म्हणाला, काही मार्ग दाखवा. नीलकंठने हात जोडले. "मला खरोखर, अगदी शपथेवर, काहीही कळत नाही." कोचच्या डोळ्यांत पाणी आलं. जाताना त्याने मे महिन्यात सगळ्या कोचांसमोर व्याख्यान द्यायचं आमंत्रण दिलं.

त्या संध्याकाळी मात्र नीलकंठची पाचावर धारण बसली. "वीणा, शनिवारी त्या माजी खेळाडूंसमोर उभं राहायचंय. ती माणसं चाळीस-चाळीस वर्षं खेळ बघतायत. माझ्या भरवशावर ते पोरांना मैदानात उतरवणार, आणि कुणाचा हातपाय मोडला तर? त्यांना खरा जाणकार मिळायला हवा. पण मी नाही म्हटलं की यांना पटतच नाही!"

अनया केक खात होती. दहा वर्षांची त्यांची ही मुलगी कोबेतच जन्मलेली. "बाबा, यू आर डूइंग इट राँग," ती म्हणाली. "मला कुणी म्हटलं ना, पियानो छान वाजवतेस, की मी 'झेनझेन' म्हणते. म्हणजे छे, कुठे येतो! मग सगळे 'सुगोई', म्हणजे कसली भारी, असं म्हणतात. पण आमच्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, मला खूप छान येतो. तर कुणालाच खरं वाटलं नाही."



"म्हणजे बढाई मारायची?" नीलकंठ म्हणाला.

"मार की," वीणा म्हणाली. "तुझं बालपण पुण्यात गेलंय, जमेल तुला."

शनिवारी सभेला जाताना ट्रेनमध्ये नीलकंठला म्हणावं तितकं हलकं वाटेना. सोळा जण झाल्यापासून पोरं रोज सकाळी सरावाला येत होती. इकेबानावाला आता समोरच्याला अडवायला शिकला होता, आणि अडवून झालं की त्याची माफी मागत होता. यांची पहिली मॅच आपल्याला बघायला आवडली असती, असं नीलकंठला वाटून गेलं. पण पोरांच्या भल्यासाठी त्याने मन घट्ट केलं.

हॉलमध्ये तीस माजी खेळाडू कोट घालून बसले होते. अध्यक्ष हिराबायाशी-सान बहात्तर वर्षांचे, मानेऐवजी नुसते खांदेच असलेले. मागे भिंतीला लागून सोळा पोरं उभी होती. नीलकंठ उठला, छाती पुढे काढली आणि म्हणाला, "अमेरिकन फुटबॉलमधलं मला सगळं कळतं. माझ्याइतकं या शहरात कुणालाच कळत नसेल. ही टीम मी एकट्याने उभी केली."

 तीस चेहऱ्यांवर एकाच वेळी शंका दाटली. अनयाचं गणित बरोबर निघालं होतं.

हिराबायाशी-सान हळूच म्हणाले, "फारच छान. मग सेन्सेई, दहा यार्ड पुढे जायला टीमला किती प्रयत्न मिळतात?"

हे त्या खेळातलं पहिलीचं पुस्तक. नीलकंठच्या डोळ्यांपुढे क्रिकेटची ओव्हर उभी राहिली. "सहा," तो ठामपणे म्हणाला.

तीस जणांनी एकदम श्वास आत ओढला. झालं, सुटलो, असं नीलकंठला वाटलं, आणि त्याच क्षणी आपल्याला सुटायचं नाहीये हेही कळलं. पण आता उशीर झाला होता. हिराबायाशी-सान कागद आवरू लागले. "तर मग क्लबच्या भवितव्याचा विचार..."

"चार!" मागून रेन ओरडला आणि लगेच काटकोनात वाकला. "माफ करा. बरोबर उत्तर चार आहे. सेन्सेईंना ते माहीत नाही. त्यांना काहीच माहीत नाही. आम्हाला पहिल्या शनिवारपासून ठाऊक आहे. त्यांनी बॉल हातात घेऊन याची पुढची बाजू कुठली, असं विचारलं होतं."

"आणि तरी तुम्ही गप्प बसलात?" हिराबायाशी-सानांनी विचारलं.

"आधीच्या सेन्सेईंना सगळं कळायचं," रेन म्हणाला. "तीन वर्षांत ते मैदानावर एकदाही आले नाहीत. खांबेटे-सेन्सेई दर शनिवारी येतात, आपल्याला काही कळत नाही हे सांगायला. आणि सांगून झालं की सराव संपेपर्यंत थांबतात."

 नीलकंठने चष्मा पुसायला काढला, तो बराच वेळ पुसत राहिला. इकेबानावाला तर उघडच रडत होता.

हिराबायाशी-सानांनी आवरलेले कागद पुन्हा मांडले. सोळा नावं त्यांनी बोट ठेवून एकेक वाचली. मग मान वर करून त्यांनी विचारलं, "खेळ शिकवायला माझ्यासारखे म्हातारे रोज येतील. पण पुढच्या मार्चमध्ये यातले पाच पास होऊन जाणार, खांबेटे-सेन्सेई. तेव्हा काय करायचं?"

नीलकंठच्या अंगात आता बढाईचा टिपूसही उरला नव्हता. "मला यातलं खरंच काही कळत नाही हो," तो म्हणाला.

जपानात आल्यापासून पहिल्यांदाच लोकांनी त्याच्या या वाक्यावर शब्दशः विश्वास ठेवला, आणि त्याची सल्लागारपदाची मुदत एकमताने तीन वर्षांनी वाढवली.