शेवटच्या टोकाचा मान

"पाण्याचं मला कुणी शिकवायचं नाही!" आरशासमोर मिशीला पीळ देत मिस्त्रींनी जाहीर केलं. "उभा जन्म पाण्याशी कुस्ती खेळलोय. समुद्र म्हणजे तरी काय? तोटी नसलेली टाकी!"

मिस्त्री नळ जोडायचे. समुद्र त्यांनी कॅलेंडरवर पाहिला होता. बायकोनं तेवढाही नाही, कारण ते कॅलेंडर दुकानात होतं!

वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई मात्र थेट समुद्राकाठच्या. पोटापाण्यासाठी इकडे आलेल्या त्यांच्या मुलखातल्या माणसांनी यंदा पहिल्यांदाच सभागृह घेऊन गाण्यांची संध्याकाळ ठरवली होती. "याच हं," त्यांनी दोघांना बजावलं होतं. "आईला आणतेय. समुद्र सुटला तसं तिचं गाणं सुटलं. आज तरी तोंड उघडते का, बघू."

सभागृहात खुर्च्या भिंतीला लावल्या होत्या आणि मधोमध मनगटाएवढा जाड दोर अजगरासारखा पसरला होता. शंभरेक माणसं दुतर्फा उभी. नर्सबाईंनी मिस्त्रींना पार कोपऱ्यात नेलं.

"जाळं ओढायचं गाणं आहे, दादा. शेवटचं टोक पाहुण्याच्या हाती द्यायचं, हा आमच्याकडचा मान! सगळे तिकडून ओढतील. तुम्ही फक्त हलायचं नाही."

"हलतोय कशाला!" मिस्त्री छाती फुगवून म्हणाले. मग समोरच्या शंभर जोडी दंडांकडे बघता बघता त्यांची नजर भिंतीकडे वळली.

भिंतीलगत पाण्याचा पाइप उभा होता. मिस्त्रींनी हळूच दोराचे दोन वेढे त्याला मारले.

"अहो, हे काय?" बायको कुजबुजली.

"गप! माझ्या हातचा जोड आहे. हत्ती बांध, हलणार नाही!"

तेवढ्यात नर्सबाईंची आई पुढे आली. काडीसारखी म्हातारी. तिनं दोरावर तळहात ठेवला, डोळे मिटले. नर्सबाईंनी पदर तोंडात धरला. आणि मग त्या काडीतून जो आवाज निघाला! ना पेटी, ना तबला. शब्द एक कळेना, पण मिस्त्रींच्या अंगावर सर्रकन काटा आला. कुणीतरी फार लांबून, मोकळ्या अंधारातून, आपल्यालाच हाक मारतंय असं वाटलं. शंभर गळ्यांनी "हो-हो!" करून साथ दिली आणि शंभर जोडी दंडांनी दोर ओढला.

पाइप कुरकुरला.

मिस्त्री भानावर आले. "ओढू नका!" ते ओरडले.

पण गाण्याच्या गजरात त्यातलं "ओढू" तेवढं पोचलं. पाहुण्याचा उत्साह बघून मंडळी खूश! "हो-हो!" दुप्पट जोरानं हिसका बसला.

"अहो, नका! नका!"

"हो-हो!"

फाट्! हत्तीचं राहू द्या, माणसांनीच जोड उखडला. पाण्याचा फवारा छतापर्यंत गेला आणि पहिल्या झटक्यात पाहुण्याला आंघोळ घालून गेला.

मिस्त्रींनी दोन्ही पंजे पाइपच्या फुटक्या तोंडावर दाबले. "अगं, चावी बंद कर! जिन्याखाली! डावीकडची!"

"कुणाच्या डावीकडची?" बायको पळता पळता ओरडली.

"चावीच्या!"

दिवे गेले. "ती नव्हे!" दिवे आले. पाणी मात्र घोट्यापर्यंत चढलं. मिस्त्रींनी लाजेनं मान खाली घातली. नर्सबाईंची पहिली संध्याकाळ, म्हातारीचं इतक्या वर्षांनी उमटलेलं गाणं, सगळं आपण बुडवलं!

पण गाणं थांबलंच नव्हतं. उलट चढलं होतं. मिस्त्रींनी चोरून मान वर केली आणि बघतच राहिले.

माणसांनी चपला भिरकावल्या होत्या, विजारी गुडघ्यापर्यंत दुमडल्या होत्या. म्हातारी पाण्यात अनवाणी उभी होती, आणि तिच्यासमोर सगळं सभागृह एकदम वाकत होतं, एकदम उठत होतं. पाणी त्यांच्या पायांशी येत होतं, फिरत होतं. टाक्या, हौद, तुंबलेल्या मोऱ्या, सगळं पाहून झालेल्या त्या माणसानं पाण्याला असं नाचताना कधी पाहिलं नव्हतं. पाइप धरून ते तसेच उभे राहिले. पाणी कधी थांबलं, कळलंसुद्धा नाही.

"अहो, सोडा आता," बायको धापा टाकत म्हणाली. "सापडली चावी."

सगळ्यांनी मिळून, गातगातच, खराट्यांनी पाणी दाराबाहेर लोटलं. मग नर्सबाई आईला घेऊन आल्या. मिस्त्रींनी हात जोडले. "आजी, चुकलं माझं. उद्या सकाळी नवा जोड..."

म्हातारीनं त्यांचे ओले पंजे हातात घेतले. डोळे लकाकत होते. "झकास झालं हो! पायाला पाणी लागलं, तेव्हा कुठे गळा पुरता मोकळा झाला. एकच कमी राहिली. पाणी तेवढं गोडं होतं."

ती गेली. मिस्त्री भारावून उभेच. नकळत त्यांची जीभ मिशीवरून फिरली आणि डोळे विस्फारले.

"अगं, ऐक! शपथेवर सांगतो, खारट लागतंय!"

"घाम आहे तो," बायको म्हणाली. "आधी मोजे पिळा."