हृदय क्रमांक एक्केचाळीस

कोणत्याही हृदयाची नीट काळजी घ्यायची असेल, तर ते आधी शरीराबाहेर काढावं लागतं. आत असताना त्याच्याकडे बघायला कुणालाच सवड नसते.

या तत्त्वावर ती प्रयोगशाळा गेली नऊ वर्षं चालली आहे. थकलेल्या हृदयाला हातभार लावणारे छोटे पंप माणसांत बसवण्याआधी तिथे डुकरांच्या हृदयांवर तपासले जातात. कत्तलखान्यातून हृदय बर्फाच्या पेटीत येतं. तंत्रज्ञ ते काचेच्या पात्रात टांगतो, नळ्या जोडतो, कोमट रक्त सोडतो, आणि ते पुन्हा धडधडू लागतं. फार तर चार तास. पण त्या चार तासांत त्याला तळहाताच्या फोडासारखं जपतात. तापमान एका अंशाने हललं की घंटा वाजते. दार आपटायला बंदी, मोठ्याने बोलायला बंदी (हृदयाला कान नसतात, असा आक्षेप एकदा नोंदवला गेला होता, तो विचाराधीन आहे). लिफ्टही बर्फाच्या पेटीसाठी राखीव आहे. पेटी आणणाऱ्याने ती आत ठेवावी, बटण दाबावं आणि जिन्याने तिसऱ्या मजल्यावर जाऊन तिला उतरवून घ्यावं.

पेटी आणणारा म्हणजे तंत्रज्ञच. गेले दोन महिने दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्याची छाती भरून येई. कठड्याला धरून तो जरा उभा राहायचा, तोवर वर पेटी येऊन थांबलेली असायची. बायकोने हट्टाने गुरुवारची हृदयाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. त्याने रजेचा अर्ज तीनदा केला आणि तिन्ही वेळा विभागप्रमुख बाईंचा एकच शेरा आला : ‘हातातलं काम संपल्यावर पाहू.’

‘‘म्हणजे कधी?’’ बायकोने विचारलं.

‘‘अजून साठ हृदयं राहिलीत.’’

‘‘आणि घरचं एक?’’

‘‘ते यादीत नाही गं,’’ तो म्हणाला. खरंच नव्हतं, त्याने पाहिलं होतं.

बाईंचीही बाजू समजून घ्यायला हवी. चाळीस हृदयं होऊन गेली, पण पंपाचं नाव निघावं असं एकही भेटलं नव्हतं. डुकरं जात्याच धट्टीकट्टी. पंप लावला काय, न लावला काय, ठोके आपले ठणठणीत. तज्ज्ञ समिती वैतागली होती. बुधवारी अकराला ती शेवटचं पाहायला येणार होती. (समिती शेजारच्या खोलीत पडद्यावर ठोके पाहते. काचपात्राजवळ जायचं तर बुटांवर पिशव्या चढवाव्या लागतात.)

बुधवारी कत्तलखान्याचा टेम्पो पंक्चर झाला. तंत्रज्ञाने रिकाम्या पात्राशेजारी स्टुलावर बसून नेहमीचं काम उरकायला घेतलं. ठोके पडद्यावर नेणाऱ्या तारा ठीक आहेत ना, हे पाहायला तो रोज सकाळी त्या स्वतःच्या छातीला चिकटवून बघत असे. स्वस्त आणि खात्रीची पद्धत. शर्ट काढला, तारा लावल्या, यंत्र सुरू केलं. तेवढ्यात समिती अर्धा तास आधीच येऊन पडद्यासमोर बसली.

मधलं दार किलकिलं होतं.

‘‘अरे वा!’’ समितीचे अध्यक्ष म्हणाले. ‘‘हे बघा, ठोके कसे चुकतायत! काय सुंदर नमुना आहे!’’

‘‘असं हृदय आजवर का नाही आणलंत?’’ सदस्य म्हणाले.

‘‘शोधत होतो, सर,’’ बाई म्हणाल्या.

तंत्रज्ञ जागच्या जागी बसून राहिला. नऊ वर्षांत या इमारतीत त्याचं कुणी कौतुक केलं नव्हतं. मधेच उठणं त्याच्या जिवावर आलं.

‘‘आधाराशिवाय हे काही टिकत नाही,’’ अध्यक्ष म्हणाले. ‘‘फार तर चार तास.’’

तंत्रज्ञाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पडद्यावरची रेघ उड्या मारू लागली.

‘‘प्रतिसादही देतंय!’’ सदस्य खूश झाले. लगेच ठराव झाला : या हृदयाला कसलाही ताण देऊ नये, खोली थंड ठेवावी, एक माणूस सतत जवळ बसवावा आणि त्याला विनाविलंब पंप लावावा. रजेचा कागद तीनदा परत येतो त्या इमारतीत हे सगळं चार मिनिटांत मंजूर झालं.

बाई पंप घेऊन आत आल्या. स्टुलावर उघडाबोडका तंत्रज्ञ पाहून त्यांनी मधलं दार लोटून घेतलं.

‘‘हे काय?’’

‘‘एक्केचाळीस नंबर, मॅडम.’’ त्याला भीती वाटत होती, आणि ती त्याने सांगूनही टाकली. ‘‘मला फार भीती वाटतेय. उद्या जाऊ द्या ना मला.’’

बाई विरघळल्या. पण हाती ठराव होता आणि ठरावावर समितीची सही. प्रकरण पुन्हा समितीपुढे गेलं. समितीने सहानुभूतीने विचार केला आणि दुपारपर्यंत लेखी कळवलं : ‘नमुना उत्कृष्ट आहे. तथापि तो शरीरापासून वेगळा केलेला नसल्याने नियमात बसत नाही. त्रुटी दूर करून पुन्हा सादर करावा.’

तंत्रज्ञाने हा कागद रजेच्या चौथ्या अर्जाला जोडला. संध्याकाळी अर्ज परत आला. शेरा तोच होता, फक्त या वेळी बाईंनी खाली ‘काळजी घ्या’ असंही लिहिलं होतं.

गुरुवारी डॉक्टरांच्या वेळेला खरं एक्केचाळिसावं हृदय आलं. ते लिफ्टने वर गेलं. तंत्रज्ञ जिन्याने निघाला आणि दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभा राहिला. जरा जास्त वेळ उभा राहिला.

तुम्ही म्हणाल, काय ही माणसं! जरूर म्हणा. फक्त मध्यंतरी घरात कुणीतरी तुम्हाला ‘एकदा दाखवून या ना’ असं म्हणालं होतं, तेव्हा तुम्ही काय उत्तर दिलंत ते आठवा. हातातलं काम संपल्यावर पाहू, असंच ना? बाईंनी निदान ते दुसऱ्याच्या हृदयाबद्दल लिहिलं होतं.