मी संकट, शेजारी राहतो

आमच्या शेजारच्या कुत्र्याचं नाव 'बोला काय बोलायचं ते' असं आहे. ते शोना भाषेत आहे म्हणून मेलबर्नच्या टार्निट उपनगरात खपून जातं. तौराई. रोज संध्याकाळी आमचे शेजारी कुंपणापाशी उभे राहून खणखणीत आवाजात ही हाक मारतात, तेव्हा कुत्रा त्यांच्या पायाशीच बसलेला असतो.

कारण हाक कुत्र्यासाठी नसतेच. त्यांनी घरापुढच्या हिरवळीत मका लावला, तेव्हा एस्टेटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी तक्रार केली. त्यांनी ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही. कुत्रा आणला. झिम्बाब्वेत त्यांच्या गावी म्हणे असंच करतात. शेजाऱ्याशी भांडायचं तर तोंडाला तोंड द्यायचं नाही. मनातलं कुत्र्याच्या नावात घालायचं आणि तिन्हीसांजेला मोठ्याने हाक मारायची. माझी बायको मानसी बरेच दिवस 'हे आपल्यालाच म्हणतायत' अशा समजुतीत होती. तक्रार आम्ही केली नव्हती, पण तसं कुंपणावरून ओरडून सांगणंही बरं दिसेना.

पहिल्या भेटीत त्यांनी हात पुढे करून सांगितलं होतं, "मी संकट. शेजारी राहायला आलोय."

नाव न्हामो, अर्थ संकट. ते जन्मले तेव्हा पाऊस नव्हता, घरातलं माणूस नुकतंच गेलं होतं, आणि आईने हे सगळं मुलाच्या नावात सांगून ठेवलं. आमची मुलं त्यांना सेकुरू म्हणतात, म्हणजे आजोबा. मीही तेच म्हणतो. भर रस्त्यात 'अहो संकट' म्हणायला धीर लागतो.

नाव म्हणजे वाक्य, असं सेकुरूंचं ठाम मत. वाक्य म्हटलं की बोलणारा आला, ऐकणाराही आला. मला त्यांनी विचारलं, "तुझी आई कोणाला काय म्हणत होती?" मी जयंत, ऑफिसात जे. पत्रिकेत 'ज' निघाला आणि मावशीने हे नाव सुचवलं, एवढीच माझी कथा. त्यांनी कीव येऊन माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे तुझं नाव कोणाशीच बोलत नाही." आमच्या एस्टेटच्या नावात सरोवर आणि कुरण दोन्ही आहेत, प्रत्यक्षात एक डबकं आहे आणि 'पोहू नये' अशी पाटी. त्याबद्दल सेकुरूंचं म्हणणं, की हे नाव बोलतं, पण खोटं बोलतं.

एवढा नावांचा अभ्यास असलेला हा माणूस स्वतःच्या मुलाला मात्र कुठल्याच नावाने हाक मारत नव्हता.

त्याचं असं झालं. त्यांच्या थोरल्या भावाने चारचौघांत म्हटलं होतं, की याच्याने संसार होणार नाही. मग मुलगा झाला. सेकुरूंनी त्याचं नाव ठेवलं तिचाओना, म्हणजे 'बघूच'. भावाच्या कानावर रोज पडावं म्हणून. मुलगा मेलबर्नमध्ये वाढला, मोठा झाला, आणि रीतसर नाव बदलून मायकल झाला. बापाला म्हणाला, "तुमच्या भांडणातलं वाक्य मी का वाहू? तो माणूस मला आठवतसुद्धा नाही." सेकुरूंच्या मते बोललेलं वाक्य परत घेता येत नाही. जुन्या नावाला मुलगा ओ देईना, नवं यांच्या तोंडातून निघेना. फोनवर 'हॅलो'नंतर पुढे काय म्हणायचं हे ठरेना, म्हणून फोनही थांबले.

आणि अशात शहराच्या दुसऱ्या टोकाला, ग्लेन वेव्हर्लीला मुलाच्या घरी, नात झाली. रीतीप्रमाणे नाव आजोबांनी ठेवायचं. मुलाचा मेसेज सेकुरूंनी मला कुंपणावरून दाखवला: रविवारी या, नाव तुम्हीच ठेवा. पण दारात मला माझ्या नावाने हाक मारा. ते जमणार नसेल तर येऊ नका.

मग त्यांनी विचारलं, गाडीने सोडशील का. फ्रीवेवर ते गाडी चालवत नाहीत. मागच्याने हॉर्न दिला तर त्याला थांबून उत्तर देता येत नाही, याचा त्यांना त्रास होतो.

त्या आठवड्यात संध्याकाळची हाक बंद झाली. त्याऐवजी कुंपणापलीकडून घशात गोळी अडकल्यासारखा आवाज यायचा. "माय... मायकल." कुत्रा मान वाकडी करून बघायचा. मानसी म्हणाली, "कुत्र्याचं नाव बदललं की काय?"

रविवारी ते कोट-हॅट घालून आले. हातात पिशवी, पिशवीत घरापुढची कणसं. गाडीत बसताच म्हणाले, चर्चच्या पाद्र्याला विचारलं, मायकल म्हणजे 'देवासारखा कोण?' "प्रश्न आहे. पण निदान वाक्य आहे." मला जरा हायसं वाटलं. मग त्यांनी नातीसाठी नावं काढली.

"तेरेराई. म्हणजे ऐका."

"कोणी ऐकायचं?"

"सुनेच्या आईने."

मी नको म्हटलं. दुसरं नाव होतं 'गप्प बसा'. तेही नको म्हटलं. ते खिडकीबाहेर बघायला लागले आणि मी स्टिअरिंग घट्ट धरून बसलो. या माणसाला मी मुलाच्या घरी नेतोय की रणांगणावर, हे मला कळेना. काहीतरी बोलायचं म्हणून सांगितलं, की माझ्या आजोबांचं नाव धोंडू होतं. आधीची मुलं पाळण्यातच गेली होती, म्हणून पणजीने याला दगड म्हटलं. दगडाकडे मृत्यू कशाला बघेल?

सेकुरूंनी हॅट काढून मांडीवर ठेवली.

"तुझी पणजी मृत्यूशी बोलत होती," ते म्हणाले. "मी नुसता भावाशी. आणि भाऊ तर कधीच गेला."

दार मुलाने उघडलं. खांदे तेच, हट्टी हनुवटीही तीच. तो वाट बघत उभा राहिला. कुठेतरी गवत कापायचं मशीन चालू होतं. सेकुरूंचे ओठ हलले, आवाज आला नाही. मी स्वतःच्या बुटांकडे बघत होतो. मुलाचा हात दाराच्या मुठीकडे गेला.

"मायकल," सेकुरू म्हणाले. "कणसं आणलीयेत."

मुलगा बाजूला झाला.

बाळ मांडीवर घेऊन त्यांनी नाव सांगितलं. तापिवा. 'आम्हाला दिलं गेलं.' मुलाने संशयाने विचारलं, हे कोणाला उद्देशून?

"कोणालाच नाही. भांडायला माझ्याकडे कुत्रा आहे."

मुलगा हसला. येताना सेकुरू गाडीत झोपले, की तसं दाखवत होते, ते मी पाहिलं नाही.

संध्याकाळी हाक आली नाही, म्हणून मी कुंपणावरून डोकावलो. ते पायरीवर बसले होते, कुत्र्याचं डोकं गुडघ्यावर. अगदी हळू आवाजात म्हणत होते, "तिचाओना... तिचाओना."

मला बघून ओशाळले नाहीत. म्हणाले, "त्याला हे नाव नको. ज्याला ऐकवायचं होतं तो उरला नाही. पण त्या नावाच्या पोराला मी खांद्यावर बसवून नदीवर न्यायचो. अधूनमधून कोणीतरी हाक मारायला हवी त्याला."