मेश्राम काकांचं एकच गणित

थांबा, बाकी सगळं नंतर, हे आत्ताच सांगायचंय, नाहीतर माझं डोकं फुटेल!

आमच्या जर्सी सिटीच्या बिल्डिंगमधले मेश्राम काका. नागपूरला आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, आता इथे मुलाकडे राहतात. आमची पहिली भेट पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायचा त्या जेवणाला. मी वड्याला हात लावणार तेवढ्यात आवाज आला, "थांब बाप्पा! मसावि काढल्याशिवाय कोणी खायचं नाही!"

वडे चोवीस, गुलाबजाम छत्तीस. दोन्हींना ज्याने पूर्ण भाग जातो असा सगळ्यात मोठा आकडा बारा. म्हणून काकांनी बारा प्लेटा लावल्या, प्रत्येकीत दोन वडे, तीन गुलाबजाम. "पाहा, काही उरलं का?"

माणसं चौदा होती.

"दोन जण जास्त आले," काका शांतपणे म्हणाले. तेरावी मी. चौदावे ते स्वतः. दोघं कोपऱ्यात चिप्स खात बसलो, यार!

शनिवारी ते क्लबहाउसमध्ये पाचवीच्या मुलांना फुकट शिकवतात, मी मदतीला असते. मुलं एलसीएम म्हणतात, काका लसावि म्हणतात, आणि दोन्ही पार्ट्या एकमेकांवर ओरडतात. गणित मात्र नेहमी एकच. नेहमी! "एका नातीला दर दुसऱ्या शनिवारी आजोबाकडे पाठवतात. तिला आणायले गाडी भेटते दर तिसऱ्या शनिवारी. दोघं कधी भेटतीन?"

अर्धी मुलं दर दुसऱ्या आकड्याला टाळी वाजवतात, अर्धी दर तिसऱ्याला पाय आपटतात. सहाला दोन्ही एकदम! तेव्हा काका चक्क उडी मारतात.

एकदा रिया वैतागली. "काका, व्हाय डझन्ट ही जस्ट ड्राइव्ह?"

"येत नाही ना बाप्पा त्याले."

"दॅट्स सो सॅड. चेंज द प्रॉब्लेम!"

काका मार्करचं टोपण शोधायला लागले. टोपण मार्करलाच होतं.

परवाच्या शनिवारी क्लासला सुट्टी, असं त्यांनी आधीच सांगितलेलं. मी लॉबीत उतरले तर काका इस्त्रीच्या शर्टात, मांडीवर संत्रा बर्फीचा डबा. "माझी नात येते आज. सहावा शनिवार आहे ना!"

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. मुलाच्या डिव्होर्सनंतर नात आईकडे असते, ट्रेनच जात नाही अशा गावात. मुलाला शनिवारीही काम, फक्त दर तिसरा शनिवार मोकळा. आणि काकांना गाडी चालवता येत नाही.

मुलगा लिफ्टमधून आला, फोनकडे बघत. "बाबा, आज नाही. तिच्या फ्रेंडचा बर्थडे आहे."

"मग पुढच्या शनिवारी?"

"पुढच्या शनिवारी आपली टर्न नाही बाबा. माहितीये तुम्हाला." आणि जिमला गेला. जिमला!

काकांनी बर्फीचा डबा काखेत मारला. मग मला म्हणाले, "पोरांना बोलव. क्लास आहे."

सहा मुलं आली. बर्फ्या बारा. प्रत्येकाला दोन, काही उरलं नाही. मग बोर्डावर तेच गणित. "समजा, सहाव्या शनिवारी नात आलीच नाही. मग कधी?"

टाळ्या, पाय, टाळ्या, पाय. "ट्वेल्व्ह!" सगळी एकदम ओरडली.

"बरोब्बर," काका म्हणाले. उडी नाही मारली.

तुमचं झालंय का हो असं कधी, की उत्तर अगदी बरोबर येतं आणि ते बोर्डावर बघवत नाही?