दुपारी उघडं राहिलेलं दुकान

दुकान बंद असणे ही दुकानाची मूळ अवस्था असून, ते उघडे असणे हा तिच्यात अधूनमधून येणारा व्यत्यय होय. हे तत्त्व विल्लारेहो गावाला पूर्वापार मान्य आहे. त्यानुसार दुपारी दोन ते पाच या वेळेत गावात पुढील सोयी उपलब्ध असतात: जेवण, झोप आणि अगदीच निकड असल्यास मृत्यू. (पाद्रीबाबा मात्र साडेपाचनंतरच येतात.)

कासिल्दाबाईंचं दोरे-बटणांचं दुकान या शिस्तीत तीसेक वर्षं सुखाने चाललं. मग गावाबाहेर दिवसभर उघडा राहणारा मॉल आला आणि गिऱ्हाईक तिकडे वळलं. दुकान टिकतं की बुडतं या घोराने बाईंची दुपारची झोप उडाली. त्यातच हॉलंडहून निवृत्त होऊन आलेले योस्तसाहेब. हे गृहस्थ रोज दुपारी तीनला येऊन बंद शटर खडखडवायचे आणि संध्याकाळी पुन्हा येऊन, आपण दुपारी आलो होतो, हे कळवायचे. गिऱ्हाईक येईल तेव्हा दुकान उघडं असावं, असा त्यांचा शोध होता. बाईंना तो पटला.

एका सोमवारी दुपारी तीन वाजता त्यांनी शटर वर केलं. त्या आवाजाने अख्खी गल्ली जागी झाली. शेजारच्या फुएनसांतामावशी गाऊनवरच धावत आल्या.

"कोण गेलं गं?"

"कुणी नाही, मावशी. दुकान उघडलंय."

"बरं, नको सांगूस," मावशी म्हणाल्या आणि बाईंचा हात हातात धरून तासभर गप्प बसून राहिल्या.

या उपक्रमाची प्रगती पुढीलप्रमाणे. सांत्वनाला आलेले: बहुतेक गाव. जमा झालेलं सूप: सात पातेली. विकलेली बटणं: एकही नाही. (दुःखाच्या घरी बटणं मागणं बरं दिसत नाही.) औषधवाल्याने झोपेच्या गोळ्या देऊ केल्या. पाद्रीबाबा साडेपाचनंतर आले.

बुधवारपर्यंत गावाचं एकमत झालं, की बाईंना नवरा सोडून गेला. नवरा, म्हणजे आन्सेल्मो, वास्तविक घरीच झोपलेला होता आणि संध्याकाळी नेहमीसारखा चौकात फिरायलाही आला. पण नवरा डोळ्यांसमोर आहे एवढ्यावरून तो सोडून गेलेला नाही, असं सिद्ध होत नाही. बारमध्ये त्याच्यापुढे बिअर आदळण्यात आली आणि सोबतचे ऑलिव्ह बंद करण्यात आले. बायको दुपारी एकटी दुकानात बसते तेव्हा तू कुठे असतोस, असं मालकाने चारचौघांत विचारलं. आपण झोपलेलो असतो, हे त्याचं खरं उत्तर ऐकून तर लोक फारच खवळले.

राहता राहिले योस्तसाहेब, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप. ते फिरकेनात, म्हणून बाई स्वतः त्यांच्या दारात गेल्या. बऱ्याच वेळाने खिडकी किलकिली झाली.

"बाई, साडेतीन वाजलेत," उशीचा वळ गालावर घेऊन साहेब म्हणाले. "ही काय चांगल्या माणसांना उठवायची वेळ आहे?"

साहेब गावात रुळले होते.

गुरुवारी दुपारी बाई दुकानात बसल्या होत्या, तो समोरच्या लेआंद्रो घड्याळवाल्याचं शटर वर गेलं. काय झालं असेल बिचाऱ्याला? आपण स्वतः कशाला उघडून बसलोय, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. सुपाचं एक पातेलं उचलून त्या तडक रस्ता ओलांडून गेल्या.

"काही झालेलं नाही," लेआंद्रो म्हणाला. "तुम्ही उघडलंत, म्हटलं आपणही उघडावं. स्पर्धेचे दिवस आहेत." (घड्याळं आणि बटणं यांच्यातली स्पर्धा जीवघेणी असते.)

बाईंनी सूप वाढलं. दोन चमचे पिऊन तो थांबला.

"आमची ही, कार्मेला, गेल्यापासून दुपारी झोप लागत नाही," तो म्हणाला. "घरात फार शांत असतं, कासिल्दाबाई."

"मलाही लागत नाही," बाई म्हणाल्या. "दुकान बुडतंय माझं." हे त्या पहिल्यांदाच कुणाजवळ बोलल्या आणि त्यांना रडू आलं.

थोडक्यात, गावाचं निदान बरोबर होतं, तपशील तेवढा चुकला होता. दोघांनी आपापली शटरं खाली ओढली. आता लेआंद्रो दुपारी बाईंकडे जेवतो आणि त्यांच्याच सोफ्यावर झोपतो. (सोफ्याबाबत आन्सेल्मोची हरकत नोंदवून घेण्यात आली आहे.) त्या गुरुवारी संध्याकाळीच संकट टळल्याच्या आनंदात गावाने दुकानासमोर रांग लावली आणि चार दिवस अडलेली बटणं नेली. दुकान बुडतंय हे बाईंनी एकदाचं सांगून टाकल्यामुळे आणि ते गावभर झाल्यामुळे आता मॉलमध्ये बटण घेताना सापडणाऱ्याची खैर नाही. दुकान तूर्त वाचलं आहे.

सुज्ञ वाचकाला हा सगळा प्रकार मागासलेला वाटेल आणि ते योग्यच आहे. आपण बरेच पुढे गेलो आहोत. आपल्या कोपऱ्यावरचं दुकान पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत उघडं असतं. आतला माणूस जेवतो कधी, झोपतो कधी, घरी कुणी आहे की नाही, असले प्रश्न आपल्याला पडत नाहीत. आपण त्याला एवढंच विचारतो, की सुट्टे का नाहीत.