हरकरे काकांचा प्रोटीनचा रकाना

हरकरे काकांना पॉटलकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून मी काढलं. नंतर मी निदान सात जणांना सांगितलं की ते 'निघाले', 'काहीतरी टेक्निकल झालं', 'अपडेटनंतर असं होतं कधीकधी'. त्यातलं काहीही झालं नव्हतं. एका गुरुवारी दुपारी, जेवण झाल्यावर, ऑफिसच्या पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून, एसी चालू ठेवून, पूर्ण शुद्धीत मी त्यांच्या नावावर अंगठा दाबला. फोननं विचारलंसुद्धा, नक्की काढायचं का? मी हो म्हटलं.

आता ते कोण, हे सांगायला हवं. नाहीतर तुम्हाला माझा गुन्हा लहान वाटेल.

टेक्सासमधल्या प्लेनोमध्ये आम्ही बारा-चौदा मराठी घरं दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कोणाकडे तरी जमतो. प्रत्येकानं एक पदार्थ करून आणायचा. कोण काय आणणार, याचं शीट मी सांभाळतो. त्यात तीन रकाने होते: नाव, पदार्थ, किती जणांपुरता. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी शीट उघडलं, तर चौथा रकाना उगवलेला. वर लिहिलं होतं, 'प्रोटीन, दर माणशी, ग्रॅममध्ये'. आणि खाली सगळ्यांच्या पदार्थांपुढे आकडे भरलेले. माझ्या वरणापुढे लिहिलं होतं, 'घट्ट असल्यास सहा. मागच्या वेळसारखं असल्यास तीन.'

मी फोन केला. "काका, हे कोणाला विचारून केलंत?"

"विचारायचं काय त्यात?" काका म्हणाले. "लिफ्टमध्ये लिहिलं राहते ना, किती माणसांचं वजन पेलवते. तसं. ज्याला वाचायचं तो वाचेल."

काका मूळचे नागपूरचे. इंजिनियर. तीस वर्षं टेक्सासच्या हायवेंवरचे पूल तपासण्यात गेली. निवृत्त झाल्यावर पूल संपले, तपासणी राहिली. त्यांची बायको, निर्मलाकाकू, मुलीकडे, दूर व्हर्जिनियात, अ‍ॅशबर्नला. घरी हे एकटेच. त्यामुळे तपासायला आमची पानं मिळाली.

पॉटलकला ते सगळ्यांच्या आधी येत आणि टेबलाच्या टोकाला, जिथे कागदी प्लेटांची चळत असते, तिथे उभे राहत. इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट. खिशात पेनाशेजारी फुटाण्यांची चपटी डबी. तुम्ही प्लेट वाढून वळलात की समोर काका.

"खाऊन काय राहिला तू?"

"पुरी-भाजी, काका."

"हे झालं प्लॅस्टर. पिलर कुठं आहे?"

भात, पोळी, बटाटा, पास्ता हे सगळं प्लॅस्टर. डाळ, उसळ, दही, पनीर, टोफू, सोयाबीन हे पिलर. तूप-तेल म्हणजे रंग. "रंग मार ना, मी कुठं नाही म्हणतो? पण आधी बिल्डिंग तर उभी कर." पिलर नाही म्हटलं की डबी उघडायची आणि तुमच्या गुलाबजामच्या पाकात मूठभर फुटाणे पडायचे. "लाजू नको, घे. सहा ग्रॅम कुठं गेले नाहीत."

एका गृहस्थांनी एकदा वाद घातला, की आपले वाडवडील वरण-भात खाऊनच जगले. काका शांतपणे म्हणाले, "वाडवडील दोन कोस चालत होते आणि वरणात डाळ घालत होते. तुम्ही दोन्ही सोडलं, वाडवडील तेवढे धरून ठेवले."

माझी मुलगी ईशा व्हॉलीबॉल खेळते. तिच्या कोचनं तिला सांगितलं, व्हेजिटेरियन राहून हे जमणं कठीण. ती रडवेली होऊन घरी आली. त्याच संध्याकाळी काका वही घेऊन हजर.

"हत्ती काय खाते?" त्यांनी तिला विचारलं.

"काका, एलिफंट्स डोन्ट प्ले व्हॉलीबॉल."

"कोणी बोलावलं नाही म्हणून."

मग दोघं दीड तास बसले. सकाळी मुगाचं धिरडं आणि दही. डब्यात राजमा किंवा छोले. खेळून आल्यावर दूध आणि दाणे. रात्री पनीर नाहीतर टोफू, पोळीबरोबर. "अन् सगळं एकाच वेळी नाही ओतायचं. पिलर एका दिवसात भरला की तडा जाते. रोज, थोडं थोडं, तिन्ही वेळा." ईशा एरवी माझं एक वाक्य पूर्ण ऐकत नाही, पण तिनं तो कागद आरशावर चिकटवला. मी हे मुद्दाम सांगतो आहे. या माणसानं माझ्या घरासाठी काय केलं होतं, ते मला त्या गुरुवारी ठाऊक होतं.

झालं असं, की त्या महिन्यात पॉटलक नेमकं चतुर्थीला आलं. सुजाता, म्हणजे माझी बायको, हिनं शीटमध्ये लिहिलं: साबुदाण्याची खिचडी, वीस जणांपुरती. दुसऱ्या दिवशी चौथ्या रकान्यात उत्तर आलं: 'दाणे धरून चार. दाणे वगळून विचारू नये.' कोणीतरी त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकला. त्याखाली हसून डोळ्यांत पाणी आलेले एकवीस पिवळे चेहरे.

सुजाता हसली नाही. "बावीस वर्षं खिचडी करतेय," ती म्हणाली. "आजवर कोणी तिचा ब्लड रिपोर्ट काढला नव्हता."

इतरांचेही फोन आले. यार सुहास, गंमत म्हणून ठीक आहे, पण आता गिल्टी वाटतं रे खाताना. तू अ‍ॅडमिन आहेस, काहीतरी कर.

मी काहीतरी केलं. आणि शीटमधला रकाना पुसून तेही काकांना बंद केलं.

काकांचा फोन लगेच आला नाही, रविवारी आला. "सुहास, अरे माझा फोन काहीतरी करून राहिला. ग्रुप दिसत नाही. शीटही उघडत नाही."

"अपडेटचं असेल काका. बघतो मी."

"बघ. घाई नाही."

घाई नाही म्हणाले, आणि मी तो शब्द धरून बसलो. दोन पॉटलक झाली. त्यांना आमंत्रण गेलं नाही, कारण आमंत्रण ग्रुपवरच जायचं. कोणी विचारलं की मी म्हणायचो, टेक्निकल आहे, चाललंय. लोक पोटभर हसले, पोटभर पुऱ्या खाल्ल्या. गंमत अशी, की कोणीच कोणाला काही विचारत नव्हतं. लोक प्लेट घेऊन सरळ सोफ्यावर जायचे आणि फोन काढायचे.

साधारण दहा आठवड्यांनी, एका रविवारी दुपारी, निर्मलाकाकूंचा सुजाताला फोन आला. ती कणीक मळत होती. फोन ओट्यावर, स्पीकरवर. मी भांडी पुसत होतो.

"सुजाता, अगं तुझ्या त्या मटकीच्या उसळीची रेसिपी दे ना," काकू म्हणाल्या. "काल पॉटलकला केलेलीस ती. हे इतकं कौतुक करत होते. वाटीत दहा ग्रॅम बसले म्हणे. डबासुद्धा दिलास बरोबर."

सुजाताचे हात थांबले. आदल्या दिवशी आम्ही पुऱ्या नेल्या होत्या. काका तिथे नव्हते.

"तुम्ही आहात म्हणून मी इथे राहू शकते गं," काकू पुढे सांगत होत्या. "मी सहा महिन्यांसाठी आले होते, बाळंतपणाला. मग जावई निघून गेले. दोन जुळी पोरं, हिची नोकरी. हिला एकटीला टाकून कशी जाऊ? दोन वर्षांपूर्वी हे चक्कर येऊन पडले, तेव्हा मी बॅग भरली होती. डॉक्टर म्हणाले, वजन उतरलंय, अंगावर मांस नाही, खाण्यात प्रोटीनच नाही. चहा आणि टोस्टवर राहत होते. मी म्हटलं, हे असंच चालणार असेल तर मी येते परत, इकडे काय व्हायचं ते होवो. तर म्हणाले, तू तिथेच राहा, पोरीला तुझी गरज आहे. मी रोज संध्याकाळी सहाला फोन करून सांगेन, काय खाल्लं आणि किती ग्रॅम. तेव्हापासून एक दिवस चुकवला नाही. त्यातून पॉटलकचं तर साग्रसंगीत सांगतात, कोणी काय केलं, कशात किती."

सुजातानं रेसिपी दिली. मटकी किती तास भिजवायची, फडक्यात कशी बांधायची, गोडा मसाला कधी घालायचा, सगळं. आवाजात तसूभर फरक नाही. फोन ठेवला, हात धुतले आणि माझ्याकडे पाहिलं.

"टेक्निकल होतं ना ते?"

"नाही," मी म्हटलं.

मग तिनं फ्रीजमधून पनीर काढलं. "पानं घेते," म्हणाली. "त्यांना घेऊन ये."

मी पोचलो तेव्हा सहाला दहा मिनिटं होती. काकांनी दार उघडलं. शर्ट तोच, इस्त्रीचा, पण खांद्यांवरून उतरलेला, जणू हँगरवर. आत स्वयंपाकघरात गॅस इतका स्वच्छ होता, की तो वापरात नाही हे मलासुद्धा कळलं. टेबलावर चहाचा कप आणि दोन टोस्ट.

"ये ये. चहा टाकू?"

मी फ्रीजच्या दाराकडे पाहत होतो. तिथे चुंबकाखाली एक कागद होता. काकांचं ते इंजिनियरी, सरळ रेषेतलं अक्षर. सोमवार: राजमा, नऊ. मंगळवार: पनीर भुर्जी, सोळा. बुधवार: छोले, दही. पुढच्या दुसऱ्या शनिवारपर्यंतचे सगळे दिवस भरलेले होते. पॉटलकच्या दिवशी कोण काय आणणार, तेही नावांसकट, मनानंच रचलेलं.

"ती कधीकधी मागचं विचारते," काका म्हणाले. "गडबड नको व्हायला. म्हणून आधीच लिहून ठेवतो."

"तुम्ही करत का नाही काका? तुम्हाला तर सगळं येतं."

"येते ना. सुरुवातीला करत होतो." ते खुर्चीत बसले. "एका माणसाची उसळ होत नाही, सुहास. कितीही कमी भिजव. मोड आले की चार माणसांची होते. तीन दिवस तेच खायचं, मग फेकायचं. शनिवारी तुमच्याकडे यायचो तेव्हा बरं होतं. चार घरचे, चार चवींचे डबे मिळायचे, ते आठवडाभर पुरायचे. मग पुढच्या पॉटलकपर्यंतचे दिवस कसेही निघून जायचे."

आमच्या प्लेटांपुढे उभा राहणारा हा माणूस त्या डब्यांच्या आशेवर जगत होता, हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. ते कधी सांगायचे नाहीत. बायका उरलेलं भरून द्यायच्या आणि ते 'नको, नको' म्हणत घ्यायचे.

सहा वाजले. फोन त्यांनीच लावला. उठून कागदाजवळ गेले, चष्मा नाकावर सरकवला. मी हळूच म्हटलं, "काका, सुजातानं पानं घेतली आहेत. आज तेच सांगा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग कागदाकडे पाठ केली.

"निर्मला? हो, मीच. नाही, जेवलो नाही अजून. सुहासकडे जाऊन राहिलो. हो, आलाय ना तो न्यायला, इथेच उभा आहे. पनीर आहे म्हणे." काकूंनी काहीतरी विचारलं असावं. "आता किती ते माहीत नाही. जेवून आलो की सांगतो."

फोन खिशात ठेवून ते दाराजवळ बूट घालायला वाकले. लेस बांधायला त्यांना वेळ लागत होता. मी येताना गाडीत एक भाषण तयार केलं होतं. त्यात सुजाताला कसं वाईट वाटलं, इतरांनी मला कसं भरीला घातलं, अ‍ॅडमिनची कशी पंचाईत असते, हे सगळं होतं.

"काका, तुमच्या फोनला काही झालं नव्हतं," मी म्हटलं.

"माहीत आहे." ते वर न बघता म्हणाले. "तीस वर्षं पूल पाहिले मी. तडा आपोआप गेला, की कोणी घण घातला, ते कळते."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? खिचडीचं मी तसं लिहायला नको होतं. सुजाताला सांगायचं होतं तेही. पण सांगू कुठं? ग्रुप नव्हता." दुसरी लेस बांधून झाली. ते भिंतीला धरून उभे राहिले. "जाऊ दे ना. तू आला, झालं."

ते मला सोडून द्यायला तयार होते. मीही सुटलो असतो. आयुष्यभर असाच सुटत आलो आहे. पण त्यांचा हात अजून भिंतीवर होता आणि मनगटावरचं घड्याळ सैल होऊन बाहीत आत घसरलं होतं.

"नाही काका," मी म्हटलं. "मी तुम्हाला काढलं, मुद्दाम. मग तुमच्याशी खोटं बोललो. आणि दहा आठवडे तुम्ही दोन मैलांवर एकटे होतात, तर तुम्ही जेवलात का, हे एकदाही विचारलं नाही. माझं चुकलं. मला माफ करा."